ॲपमधून काढलेला फोटो अधूनमधून गायब होतो: कारण कुठे शोधायचं आणि फोटो परत कसा मिळवायचा

“फोटो काढला, बरोबरची खूण दाबली, परत आलो तर फॉर्म कोरा.”

ही तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही लगेच आमच्या फोनवर तेच करून पाहिलं. दहा वेळा फोटो काढला, दहाही वेळा तो जागच्या जागी आला. ‘आमच्याकडे होत नाही’ असं लिहून तक्रार बंद केली. काही दिवसांनी तीच तक्रार दुसरीकडून आली, मग तिसरीकडून. दर वेळी फोन वेगळा, माणूस वेगळा आणि आमच्या टेबलावर मात्र सगळं सुरळीत.

ॲप यंत्रांच्या तपासणीचं होतं. जागेवर जायचं, फॉर्म भरायचा, यंत्राचे चार-पाच फोटो काढायचे, पाठवून द्यायचं. त्या माणसाने शिडीवर चढून, एका हाताने कठडा धरून फोटो काढलेला असतो. खाली उतरल्यावर कळतं की फोटो नाहीच. मग तो पुन्हा वर चढतो. आपल्या कोडमधल्या एका ओळीपायी कुणाला दुसऱ्यांदा शिडी चढावी लागते हे मला आजही सहन होत नाही, म्हणून हे इतकं सविस्तर. बरंचसं अँड्रॉइडबद्दल आहे, कारण हा विशिष्ट घोळ तिथेच होतो. आयफोनवर जिथे वेगळं घडतं तिथे तसं सांगितलं आहे.

तक्रार आल्यावर आधी तीन प्रश्न

लॉग (ॲपने ठेवलेल्या नोंदी) उघडण्याआधी वापरकर्त्याला विचारा. कॅमेरा उघडला का? फोटो काढून परत आल्यावर तीच स्क्रीन दिसली, की ॲप पहिल्यापासून सुरू झालं? आणि फॉर्ममध्ये आधी टाईप केलेला मजकूर तसाच होता का?

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. तो विचारायचं आम्हाला फार उशिरा सुचलं. मजकूरही पुसला गेला असेल तर कॅमेरा उघडा असताना ॲपची प्रोसेसच, म्हणजे मेमरीत चालू असलेलं ॲपच, सिस्टिमने संपवली होती, हे जवळपास नक्की. मजकूर शाबूत आहे पण फोटो नाही, असं असेल तर प्रोसेस बहुधा जिवंत होती आणि परत आलेलं उत्तर आपल्या कोडला नीट घेता आलं नाही. फोटो आला पण आडवा, अंधुक किंवा जुनाच आला, तर तो वेगळाच विषय. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

अजून एक विचारून ठेवा: फोन आडवा धरून फोटो काढला होता का? फोन फिरला की अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपची ती स्क्रीन, मोडून नव्याने बांधतं. ‘आडवे फोटो येत नाहीत, उभे येतात’ अशी तक्रार असेल तर प्रोसेस मरण्याचा काही संबंध नाही. नव्याने बांधलेल्या ॲक्टिव्हिटीत फोटोचा पत्ता ठेवलेला तुमचा व्हेरिएबल रिकामा आहे, इतकंच.

कॅमेरा उघडा असताना तुमचं ॲप कुठे असतं

ॲपमधून फोटो काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फोनमधल्याच कॅमेरा ॲपला इंटेंट, म्हणजे कामाची विनंती, पाठवणं. आपण एक रिकामी फाइल तयार करतो, तिचा पत्ता कॅमेऱ्याला देतो आणि म्हणतो की फोटो इथे ठेव. कॅमेरा ॲप पडद्यावर येतं आणि आपलं ॲप मागे जातं.

आता मेमरीचा विचार करा. कॅमेरा ॲप हे फोनमधल्या सर्वांत खादाड ॲपपैकी एक. प्रीव्ह्यू चालू असतो, एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करणं चालू असतं. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे असलेल्या प्रोसेस संपवायला लागतं आणि त्या रांगेत आपलं ॲपही उभं असतं. हा सिस्टिमचा दोष नाही. ती तशीच बनवलेली आहे आणि दस्तऐवजांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. विकसकांच्या हातात सहसा भरपूर मेमरीचे फोन असतात, म्हणून आमच्या टेबलावर ते कधी दिसलं नाही.

गंमत पुढे आहे. वापरकर्ता फोटो पक्का करतो. अँड्रॉइड आपली प्रोसेस नव्याने सुरू करतं, ॲक्टिव्हिटी पुन्हा बांधतं आणि ‘फोटो झाला’ हे उत्तर इमानदारीने तिच्या हातात ठेवतं. फाइलही डिस्कवर पूर्ण लिहिलेली असते. फक्त ती फाइल कुठली, हे आपल्याला आठवत नाही, कारण तिचा पत्ता आपण ॲक्टिव्हिटीच्या एका साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवला होता आणि तो व्हेरिएबल जुन्या प्रोसेसबरोबर गेला. म्हणजे फोटो हरवत नाही, त्याचा पत्ता हरवतो. आम्ही एका तक्रारदाराच्या फोनवरचं ॲपचं फोल्डर उघडून पाहिलं तेव्हा ‘न आलेले’ सगळे फोटो तिथे ओळीने पडलेले होते. ज्यांच्यासाठी माणूस पुन्हा शिडी चढला होता, ते सगळे.

दुरुस्ती करताना पहिला गैरसमज व्ह्यूमॉडेलचा होतो. पत्ता व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा वेगळा ठेवणाऱ्या भागात) हलवला की झालं, असं वाटतं. व्ह्यूमॉडेल स्क्रीन फिरण्यातून वाचतं, प्रोसेस मरण्यातून वाचत नाही. पत्ता सेव्ह्ड इन्स्टन्स स्टेटमध्ये किंवा सेव्ह्डस्टेटहँडलमध्ये, म्हणजे प्रोसेस मेल्यावरही सिस्टिम जपून ठेवते त्या जागेत, गेला पाहिजे. स्क्रीन बांधायला कंपोझ वापरत असाल तर नुसत्या ‘रिमेंबर’ऐवजी ‘रिमेंबरसेव्हेबल’. त्यात ठेवायचा तो फक्त पत्ता, फोटो कधीही नाही. सेव्ह्ड स्टेटला आकाराची मर्यादा असते आणि त्यात बिटमॅप (मेमरीत उघडलेलं चित्र) कोंबला तर ॲप वेगळ्याच ठिकाणी कोसळतं.

दुसरी चूक ‘रजिस्टर फॉर ॲक्टिव्हिटी रिझल्ट’च्या, म्हणजे कॅमेऱ्याचं उत्तर घेणाऱ्या कोडच्या नोंदणीच्या, जागेची. अनेकजण ते एखाद्या अटीच्या आत लिहितात. प्रोसेस नव्याने उभी राहिली तेव्हा ती अट पुरी झालेली नसेल, तर उत्तर घ्यायला दारात कुणीच उभं नसतं. नोंदणी ॲक्टिव्हिटी किंवा फ्रॅगमेंट (ॲक्टिव्हिटीतला स्क्रीनचा तुकडा) तयार होतानाच, कुठल्याही अटीविना झाली पाहिजे. एकापेक्षा जास्त नोंदण्या असतील तर दर वेळी त्याच क्रमाने, नाहीतर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पदरात पडतं.

इतक्याने बहुतेकांचं काम भागेल. आम्ही एक पाऊल पुढे गेलो आणि माझ्या मते फॉर्मवजा ॲपसाठी तेच योग्य आहे: कॅमेरा उघडण्याआधी डेटाबेसमध्ये एक ओळ लिहायची. फॉर्म कोणता, प्रश्न कोणता, फाइलचं नाव काय आणि अवस्था ‘काढायला गेला’. उत्तर आलं की अवस्था ‘आला’ करायची. ॲप कधीही सुरू झालं की ‘काढायला गेला’ अवस्थेतल्या ओळी तपासायच्या. फाइल आहे आणि तिचा आकार शून्यापेक्षा जास्त आहे, तर फोटो त्या फॉर्मला जोडून टाकायचा. शून्य असेल तर वापरकर्त्याने काढलाच नाही असं समजायचं, कारण रिकामी फाइल आपणच आधी तयार केलेली असते. सेव्ह्ड स्टेट जिथे पुरत नाही, म्हणजे फोन मध्येच बंद पडला किंवा वापरकर्त्याने अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप सरकवून टाकलं, तिथेही ही ओळ टिकते. फॉर्ममधला मजकूरही तसाच: ‘जतन करा’ची वाट न पाहता कॅमेरा उघडण्याआधी मसुदा म्हणून डेटाबेसमध्ये जाऊ द्या.

स्वतःच्या फोनवर हे घडवून कसं आणायचं

जे घडवून आणता येत नाही ते दुरुस्त झालं की नाही हेही कळत नाही. म्हणून हा भाग सोडू नका.

फोनच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर पर्यायांत ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ असा एक पर्याय असतो. तो चालू केला की ॲक्टिव्हिटी मागे जाताच मोडली जाते. व्हेरिएबलमध्ये पत्ता ठेवण्याची चूक त्याने लगेच पकडली जाते. पण प्रोसेस जिवंतच राहते, त्यामुळे सिंगलटनमध्ये किंवा स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोसेस असेपर्यंत टिकणाऱ्या जागी, ठेवलेला पत्ता या चाचणीत उत्तीर्ण होतो आणि खऱ्या वापरात नापास. आम्ही एकदा याच चाचणीवर विसंबून ‘दुरुस्त झालं’ असं जाहीर केलं होतं. पुढच्याच आठवड्यात तक्रार परत आली.

खरी चाचणी अशी: ॲपमधून कॅमेरा उघडा. फोटो न काढता तसेच थांबा. संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबी शेलमध्ये ‘एएम किल’ आणि पुढे ॲपचं पॅकेज नाव, ही आज्ञा द्या. मग फोटो काढून पक्का करा. ‘फोर्स स्टॉप’ वापरू नका. त्यात वापरकर्त्याने ॲप स्वतः बंद केल्यासारखं होतं आणि परत येण्याचा मार्गच तुटतो, म्हणजे भलतीच गोष्ट तपासली जाते. केबल हाताशी नसेल तर डेव्हलपर पर्यायांतली पार्श्वभूमीच्या प्रोसेसची मर्यादा ‘एकही नाही’ अशी ठेवूनही जवळपास तेच साधतं.

फ्लटर, कॉर्डोवा, वेबव्ह्यू

ॲप नेटिव्ह नसेल, म्हणजे थेट अँड्रॉइडसाठी न लिहिता फ्लटर, कॉर्डोवा अशा साधनाने बनवलं असेल, तरी खाली तीच अँड्रॉइड आहे. फ्लटरच्या ‘इमेज पिकर’मध्ये ‘रिट्रीव्ह लॉस्ट डेटा’ नावाची पद्धत याच कारणासाठी दिलेली आहे. ती ॲप सुरू होताना बोलवायची असते. कॉर्डोवात ‘रिझ्यूम’ इव्हेंटबरोबर अडकलेलं उत्तर मिळतं, कपॅसिटरमध्ये त्यासाठी ‘ॲप रिस्टोअर्ड रिझल्ट’ आहे. तिन्ही ठिकाणी दस्तऐवजांत हे लिहिलेलं आहे, पण उदाहरणाचा कोड त्याशिवायही चालतो, म्हणून लोक तिथवर वाचतच नाहीत.

वेबव्ह्यूचं (ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या भागाचं) दुखणं वेगळं आहे आणि ते ओळखायला सोपं: पहिल्यांदा बटण दाबलं, कॅमेरा उघडला, वापरकर्त्याने विचार बदलून मागे येण्याचं बटण दाबलं, आणि त्यानंतर ते बटण मेलं. कितीही दाबा, काही होत नाही. ‘ऑन शो फाइल चूजर’मध्ये मिळालेल्या कॉलबॅकला (उत्तर परत देण्याच्या फंक्शनला) उत्तर दिलं नाही, हे कारण. रद्द झालं तरी त्याला ‘नल’, म्हणजे रिकामं उत्तर, द्यावंच लागतं. तोवर पान पहिल्या उत्तराची वाट पाहत बसतं आणि दुसरी विनंती घेत नाही.

“बटण दाबलं तर काहीच होत नाही” आणि “बटण दाबलं की ॲप बंद पडतं”

अँड्रॉइड ११ पासून एक ॲप दुसऱ्या ॲपना आपोआप पाहू शकत नाही. जुन्या कोडमध्ये कॅमेरा आहे का हे ‘रिझॉल्व्ह ॲक्टिव्हिटी’ने तपासून मग इंटेंट पाठवण्याची पद्धत होती. ॲपची लक्ष्य आवृत्ती (ते अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बांधलं ती) वाढवली की ती तपासणी ‘नाही’ म्हणते आणि बटण मुकं होतं. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) ‘क्वेरीज’ लिहिता येतं, पण तपासणी काढून थेट इंटेंट पाठवणं आणि ॲप न सापडल्याची चूक पकडणं मला जास्त सरळ वाटतं. अशा वेळी पडद्यावर एक वाक्य तरी दाखवा. मुकं बटण वापरकर्त्याला स्वतःच्याच हातावर शंका घ्यायला लावतं.

बंद पडण्यामागे बऱ्याचदा परवानगीचा एक चमत्कारिक नियम असतो. इंटेंटने कॅमेरा उघडायला तुमच्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी लागत नाही, कारण फोटो काढतं ते दुसरं ॲप. पण मॅनिफेस्टमध्ये ती परवानगी जाहीर केलेली असेल आणि वापरकर्त्याने दिलेली नसेल, तर अँड्रॉइड ६.० पासून हाच इंटेंट सुरक्षेची चूक फेकतो. आता कल्पना करा: तुमचा फोटोचा कोड वर्षभर नीट चालतो आहे. कुणीतरी क्यूआर कोड वाचण्यासाठी एक लायब्ररी घातली. तिच्या मॅनिफेस्टमधली कॅमेऱ्याची परवानगी बिल्डमध्ये गुपचूप मिसळली, आणि ज्या फाइलला कुणी हातही लावला नव्हता ती कोसळू लागली. असं काही दिसलं तर एकत्र झालेला अंतिम मॅनिफेस्ट उघडून पाहा. परवानगी खरोखर लागणार असेल तर इंटेंटच्या आधी ती रीतसर मागा.

अँड्रॉइड ७.० पासून फाइलचा थेट पत्ता दुसऱ्या ॲपला देता येत नाही, फाइलप्रोव्हायडर या मध्यस्थामधूनच द्यावा लागतो. हे आता बहुतेकांना माहीत आहे. कमी माहीत असलेलं असं की फाइलप्रोव्हायडरचं नाव कोडमध्ये पक्कं लिहिलं आणि चाचणीची व खरी अशा दोन बिल्ड एकाच फोनवर टाकायला गेलात, तर दुसरी बसतच नाही. नावात ॲप्लिकेशन आयडी घाला, तिढा सुटतो. पाथ लिहिलेल्या एक्सएमएल फाइलमध्ये नसलेल्या फोल्डरातली फाइल द्यायला गेलं की तिथेही ॲप पडतं.

आयफोनवर कॅमेरा का हवा याचं वाक्य इन्फो पीलिस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) नसेल तर ॲप तत्क्षणी बंद होतं. आयओएस १० पासून हा नियम आहे. सिम्युलेटरमध्ये कॅमेरा नसतो, तेव्हा स्रोत उपलब्ध आहे का हे विचारल्याशिवाय पिकर उघडू नका.

परवानगी नाकारली गेल्यावर

अँड्रॉइड ११ पासून वापरकर्त्याने दोनदा नकार दिला की सिस्टिम पुन्हा विचारत नाही. आयफोनवर एकच नकार पुरतो. त्यानंतर तुमचा कोड कितीही वेळा परवानगी मागो, खिडकी येणारच नाही. म्हणून फोटोच्या बटणावर बोट पडेपर्यंत परवानगी मागू नका. ॲप उघडल्या उघडल्या मागितली तर माणूस न वाचता नाकारतो आणि ती संधी वाया जाते. नकार मिळालेला असेल तर कारण एका वाक्यात सांगून सेटिंग्जकडे नेणारं बटण द्या.

इथेही पुन्हा तोच धडा समोर येतो. आयफोनवर वापरकर्ता सेटिंग्जमध्ये जाऊन कॅमेऱ्याची परवानगी बदलतो तेव्हा सिस्टिम तुमचं ॲप संपवते. तो परत येतो तेव्हा ॲप पहिल्यापासून सुरू होतं. अर्धा भरलेला फॉर्म जतन नसेल तर ‘परवानगी द्या’ या आपल्याच सल्ल्याने आपण त्याचं काम पुसलं.

परवानगी आहे, कॅमेरा उघडतो, पण चित्र काळं, असं ॲपच्या आतल्या कॅमेऱ्यात दिसलं तर अँड्रॉइड १२ पासून आलेला कॅमेरा बंद ठेवण्याचा बटणपट्टीतला स्विच तपासायला सांगा. त्या स्विचने कॅमेरा बंद ठेवलेला असला की ॲपला रिकाम्या फ्रेम मिळतात.

“फोटो आडवा आला”

फोनचा सेन्सर बहुधा आडवा बसवलेला असतो. तुम्ही फोन उभा धरलात तरी अनेक फोन चित्र आडवंच लिहितात आणि सोबत एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या माहितीत, एक आकडा टाकतात: १ म्हणजे सरळ, ३ म्हणजे उलटं, ६ म्हणजे दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरव, ८ म्हणजे २७० अंश. काही फोन मात्र पिक्सेलच फिरवून लिहितात. म्हणून एका फोनवर सरळ, दुसऱ्यावर आडवा.

आम्हाला चकवलं ते असं: फोनच्या पडद्यावर फोटो सरळ, कार्यालयातल्या ब्राउझरमध्ये सरळ, आणि अहवालाच्या पीडीएफमध्ये आडवा. २०२० पासून प्रमुख ब्राउझर एक्झिफचा आकडा आपणहून पाळतात, पीडीएफ बनवणारी आमची लायब्ररी पाळत नव्हती. म्हणजे फोटो सुरुवातीपासून आडवाच होता, मधले सगळे त्याला सांभाळून घेत होते.

दुसरा प्रकार याच्या उलट. चित्र उघडणारा अँड्रॉइडचा बिटमॅपफॅक्टरी एक्झिफ वाचतच नाही. फोटो लहान करून पुन्हा जेपेग लिहिला की आकडा गळून पडतो आणि आडवं चित्र कायमचं आडवं होतं. आयफोनवर फोटो पीएनजीत बदलला तरी दिशा अशीच हरवते. मग कुणीतरी घाईने जुना एक्झिफ जसाच्या तसा नव्या फाइलीत उतरवतो, शिवाय आधीच पिक्सेलही फिरवलेले असतात, आणि फोटो दोनदा फिरतो. यावर आमच्याकडे आता एकच नियम आहे. फोटो हातात येताच, एकाच ठिकाणी, एकदाच पिक्सेल फिरवायचे आणि आकडा १ करायचा. त्यानंतर कुणीही दिशेला हात लावायचा नाही, सर्व्हरनेही नाही.

ॲपच्या आत कॅमेराएक्स या लायब्ररीने फोटो काढत असाल आणि स्क्रीन उभी कुलूपबंद असेल, तर फोन आडवा झाल्याचं कॅमेराएक्सला आपोआप कळत नाही. दिशा ऐकणारा लिसनर लावून ‘टार्गेट रोटेशन’ स्वतः द्यावं लागतं.

फोटो अंधुक, जुनाच, किंवा ॲप हळूहळू जड होत बंद

अंधुक फोटोचं कारण एका वाक्यात: फाइलचा पत्ता न देता इंटेंट पाठवला तर उत्तरात फक्त थंबनेल, म्हणजे लहानसं चित्र, येतं, आणि तेच कुणीतरी खरा फोटो समजून वापरतं. याच्या जोडीची चूक म्हणजे पत्ता दिलेला असताना उत्तरातला डेटा ‘नल’ आला म्हणून फोटो अयशस्वी मानणं. पत्ता दिला की तो ‘नल’ येणं साहजिक आहे. उत्तराऐवजी फाइल तपासा.

दुसऱ्यांदा काढला तरी पहिलाच दिसतो, याचं कारण तेच फाइलनाव. चित्र दाखवणाऱ्या लायब्ररीच्या कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) त्या नावाखाली जुनं चित्र असतं. दर वेळी नवं नाव द्या, तेही यूयूआयडीने (सहसा कधीच न जुळणाऱ्या ओळख-क्रमांकाने). सेकंदापर्यंतच्या वेळेवरून नाव दिलं तर पटापट काढलेले दोन फोटो एकमेकांवर लिहिले जातात.

मेमरीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेल. डिस्कवर ती फाइल तीन-चार एमबीची असेल, पण उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे ४८ एमबी. ४८ मेगापिक्सेलचा असेल तर १९२ एमबी. पाच फोटोंची पट्टी दाखवणारी स्क्रीन पूर्ण आकारात फोटो उघडत असेल तर ती पडणारच. चित्र लहान करून उघडणारं ‘इन सॅम्पल साइझ’ ४ दिलं की १२ मेगापिक्सेलचं चित्र १००० गुणिले ७५० होतं आणि ३ एमबीत बसतं. आणि हे सुरुवातीच्या आजाराशीही जोडलेलं आहे: मागे गेलेलं ॲप जितकं जड, तितकं ते संपवलं जाण्याची शक्यता जास्त. कॅमेरा उघडण्याआधी आधीचे मोठे बिटमॅप सोडून दिले तेव्हा आमच्याकडच्या तक्रारी खरोखर कमी झाल्या, पत्त्याची दुरुस्ती पोहोचण्याच्या आधीच.

फोटो फोनवर आहे, सर्व्हरवर नाही

इथे दोन-तीनच गोष्टी सांगण्यासारख्या. एंजिनएक्स हा वेब सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये १ एमबीपेक्षा मोठी विनंती ४१३ (विनंती फार मोठी) ही चूक देऊन परत पाठवतो. पीएचपीची मूळ मर्यादा फाइलमागे २ एमबी. चाचणीत लहान चित्रं वापरली असतील तर हे पहिल्या खऱ्या फोटोपर्यंत कळत नाही. दोन्ही वाढवा, पण फोटोही फोनवरच लहान करा. लांब बाजू १६०० पिक्सेल आणि जेपेगची गुणवत्ता ८० ठेवली तर पाटीवरचे आकडे सहसा वाचता येतात आणि फाइल बरीच हलकी होते.

आयफोनवर गॅलरीतून निवडलेला फोटो जेपेगऐवजी एचईआयसी या प्रकारचा असू शकतो. आयओएस ११ पासून, आयफोन ७ आणि पुढच्या फोनवर कॅमेऱ्याचा तो मूळ प्रकार आहे. फाइलच्या नावाला नुसतं जेपीजी जोडल्याने ती जेपेग होत नाही.

फोटोचा पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये ठेवू नका. आयफोनवर ॲप अद्ययावत झालं की त्याच्या फोल्डरचा पत्ता बदलू शकतो आणि कालपर्यंत दिसणारे सगळे फोटो एकदम ‘गायब’ होतात. ते तिथेच असतात. फक्त फाइलनाव ठेवा, पुढचा पत्ता चालू वेळी जोडा. आणि पाठवून व्हायचा फोटो कॅशे फोल्डरात ठेवू नका. जागा कमी पडली की सिस्टिम तो न विचारता पुसते आणि तसं करायचा तिला हक्क आहे.

एक्झिफमध्ये ठिकाणही असू शकतं. तुमच्या कामाला ते लागत नसेल तर फोटो लहान करतानाच काढून टाका. कुणाच्या आवारातला फोटो आपल्याकडे विश्वासाने येतो, त्यासोबत नको ती माहिती येऊ देऊ नये.

मग कॅमेरा ॲपच्या आतच का नको

हा प्रश्न आम्हीही शेवटी स्वतःला विचारला. कॅमेराएक्स वापरून कॅमेरा ॲपच्या आत आणला की आपलं ॲप पडद्यावरच राहतं, मागे जाऊन मरण्याचा प्रसंगच टळतो. एकामागून एक फोटो काढता येतात, चौकट दाखवता येते. बदल्यात परवानगी मागावी लागते, फिरण्याची, फ्लॅशची, फोकसची जबाबदारी आपल्यावर येते, आणि फोनच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमध्ये अंधारातल्या फोटोंवर जी मेहनत घेतलेली असते तिच्यातलं बरंचसं मिळत नाही. एका फॉर्ममागे एकच फोटो असेल, जसा प्रोफाइलचा, तर इंटेंट पुरे आणि वर सांगितलेली काळजी पुरे. प्रत्येक फॉर्ममागे चार-पाच फोटो असतील तर कॅमेरा आत आणण्याचे कष्ट वसूल होतात. आम्ही आत आणला, पण काही फोनवर तो उघडत नसेल तर इंटेंटचा जुना मार्ग शिल्लक ठेवला आहे.

आणि डेटाबेसमधली ती ओळ दोन्ही मार्गांवर तशीच लिहिली जाते. ‘काढायला गेला’, ‘आला’, ‘जोडला’, ‘पाठवला’ या चार अवस्थांची वेळ लॉगमध्येही जाते. आता तक्रार आली की आम्ही फोन मागवत नाही. त्या फॉर्मचा लॉग उघडतो, फोटो कोणत्या अवस्थेवर थांबला ते पाहतो आणि तिथूनच शोधायला सुरुवात करतो.